मंगळवारी सोनोग्राफीवाले डॉक्टर कुठं होते, साहेब?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

आपल्याला नावानं लिहीत नाही, त्याचं कारण आधी सांगते. २०१९ पासून या खुर्चीवरची माणसं बदलली, पक्षही बदलले, आमच्याकडची बातमी मात्र तीच राहिली. म्हणून हे पत्र खुर्चीला लिहिलं आहे. आज जे बसलेत त्यांनी वाचावं आणि उठताना पुढच्यासाठी टेबलावर ठेवून जावं.

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली बाई. बारावी झालेली आहे, मराठीत मार्क चांगले होते, म्हणून धाडस करते. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला सात हंगाम कोयता धरला. आता धरवत नाही, घरी शिलाई मशीन चालवते. वय एकोणचाळीस. हाडं किती वर्षांची आहेत ते पुढे येईलच.

आपला वेळ मोलाचा आहे, तेव्हा निमित्त थोडक्यात सांगते. माझी पुतणी सव्वीस वर्षांची आहे. दोन लेकरं, नसबंदी झालेली. वर्षभर अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखते, ओटीपोटात कळ येते. श्रावणात तिला शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. पाच मिनिटांत सोनोग्राफी झाली आणि निकाल लागला: गर्भपिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, काढून टाका. खर्च चाळीस हजार. घरात शेळी विकायची बोलणी सुरू झाली. मी आडवी पडले. म्हटलं, आधी सरकारी दवाखान्यात दाखवू, मग बघू.

सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी फक्त मंगळवारी. सोनोग्राफीला लघवी तुंबवून ठेवावी लागते, ते आपल्याला माहीत असेल. पहिल्या मंगळवारी पोरीनं एसटीतच पाण्याची बाटली संपवली, दवाखान्यात दुसरी संपवली आणि पाय आवळून बाकावर बसली. दीड तासानं कळलं, डॉक्टर रजेवर. दुसऱ्या मंगळवारी मशीन बंद. तिसऱ्या मंगळवारी, म्हणजे परवाच्या, खोलीला कुलूप. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "मंत्री येणारेत, डॉक्टरांची ड्युटी तिकडं लागली." कोणते मंत्री ते काही त्यानं सांगितलं नाही. मंत्र्याला गरोदरपणाची शंका असेल तर सोनोग्राफीवाला डॉक्टर ताफ्यात हवाच, त्यात आमची तक्रार नाही.

दवाखान्याच्या भिंतीला बॅनर होतं. 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित.' पोरगी त्या बॅनरखाली उभी राहून रडली. मला वाटलं होतं दुखतंय म्हणून. ती म्हणाली, "काकू, आता मला कुठं बसू द्या, नायतर हितंच होईल." दवाखान्यातल्या बाथरूमलाही कुलूप होतं.

हे तिचं झालं. आता मी तिला खासगीत का जाऊ देत नाही, ते ऐका.

२०१७ साली मी एकतीस वर्षांची होते. तक्रार हीच, शब्दही हेच. पांढरं जातंय, कंबर धरते. दवाखाना दुसरा होता, पण वाक्य तेच होतं, जणू सगळ्यांना एकाच छापखान्यातून पुरवठा होतो. पिशवीला सूज, गाठ धरतीय, पुढे कॅन्सर. शिवाय वर समजूत: "दोन लेकरं झालीत, आता पिशवीचं काय लोणचं घालायचंय?" सासू म्हणाली, दर महिन्याची कटकट जाईल. नवरा म्हणाला, खाडा वाचेल. खाडा म्हणजे काय ते मंत्रालयात माहीत नसेल. कामाला दांडी पडली की मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, नवरा-बायकोच्या जोडीच्या नावावर दंड मांडतो, तो खाडा. आमच्या टोळीत पाचशे रुपये होता. पाळीत चार दिवस बसायचं म्हटलं तर दोन हजार. उसाच्या फडात संडास नाही, पाणी लांब, कापड धुवायला आडोसा नाही. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं आणि खाली मांडीवरून ओघळ. अशा बाईला कुणी म्हटलं की हे कायमचं बंद करून देतो, तर ती हो म्हणेल का नाही, आपणच सांगा.

बत्तीस हजार लागले. मुकादमानं दिले आणि उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांत, चढवले. कागदावर कुठं सही करायची ते दाखवलं, कागद कुणी वाचून दाखवला नाही. बारावी पास असूनही मी विचारलं नाही, हा माझा दोष, तो मी लपवत नाही.

घरी आल्यावर नवव्या दिवशी पहाटे अंथरूण ओलं. वाटलं, अशक्तपणानं झालं असेल. उठून लुगडं बदललं, तर तेही ओलं. लघवीची भावना होत नव्हती, जोर येत नव्हता, नुसतं गळत होतं. बसलं तरी, निजलं तरी. त्याच दवाखान्यात गेले. टाके बघितले, "छान भरलेत" म्हणाले, टॉनिक लिहून दिलं. "नसा ढिल्या झाल्यात, महिन्याभरात आपोआप थांबेल."

थांबलं नाही. पण उचल घेतलेली होती. दिवाळीनंतर गाडी आली आणि मी चढले.

साहेब, पुढचं वाचताना आपल्याला किळस आली तर येऊ द्या. जुन्या साडीच्या चौकोनी घड्या करून मी दिवसाला सात-आठ वापरायची. थंडीत पहाटे चारला फडात उतरायचं, तेव्हा आधीच ओलं असलेलं कापड गार पडायचं. उसाच्या पाचटानं मांड्यांना चरे पडतात, त्यावर लघवी लागली की मिठाचं पाणी ओतल्यासारखी आग. मी पाणी पिणं सोडलं. पाणी कमी तर गळणं कमी, एवढाच हिशोब सुचला. मग लघवी पिवळीजर्द, वास आणखी उग्र. बायका जेवायला वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला बसायच्या. त्यांना दोष देत नाही, मलाच माझा वास सोसत नव्हता. कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, नवरा दाराशी निजायचा. धाकटा पाच वर्षांचा होता, तो एकदा म्हणाला, "आई, तू पण शू करतीस व्हय?" त्या दिवशी मी कोयता असा हाणला की दोन माणसांचा ऊस एकटीनं पाडला असेल.

तीन महिने मी तशी कापणी केली. एक किलो साखर विकत घेताना तिच्यात कुणाचं काय काय मिसळलंय, हे कुणी बघत नाही, हे बरंच आहे.

फेब्रुवारीत ताप आला, थंडी वाजून. तेव्हा नवऱ्यानं मुकादमाशी भांडण केलं आणि मला एका मोठ्या शहरातल्या सरकारी मेडिकल कॉलेजला नेलं. माणूस वाईट नाही तो, एवढं इथं लिहून ठेवते. तिथं एका शिकाऊ डॉक्टर पोरीनं आत तीन बोळे ठेवले, एकावर एक, आणि नळीतून मूत्राशयात निळं पाणी सोडलं. थोडं चालायला लावलं. मग बोळे काढून ट्रेमध्ये ओळीनं मांडले. त्यातला एक निळाभोर झाला होता. ती म्हणाली, "मावशी, नसा ढिल्या नाहीत. मूत्राशयाला भोक पडलंय. याला फिस्टुला म्हणतात. पिशवी काढताना झालंय."

तिनं केसपेपरच्या मागं पेननं चित्र काढून दाखवलं. पिशवी मध्ये, तिला पुढून मूत्राशय चिकटलेलं. किडनीकडून येणारी लघवीची नळी पिशवीच्या रक्तवाहिनीच्या खालून जाते, पुलाखालून पाणी जावं तशी, आणि पिशवीच्या तोंडापासून बोटभरही लांब नसते. म्हणाली, चांगल्या हातूनही कधी कधी इजा होते, म्हणून ऑपरेशन गरज असेल तरच करायचं, आणि इजा झाली तर ती ओळखायची. टॉनिक लिहून द्यायचं नाही. हे शेवटचं मी माझ्या पदरचं घालते.

मग तिनं माझं डिस्चार्ज कार्ड वाचलं आणि गप्प झाली. मोठ्या मॅडमना बोलावलं. कार्डावर इंग्रजीत दोन ओळी होत्या, त्या मी सहा महिने थैलीत घेऊन फिरत होते. त्यांनी मराठीत सांगितल्या. गर्भपिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंसुद्धा काढली होती. एकतीसाव्या वर्षी. मला कुणी विचारलं नव्हतं, झाल्यावर सांगितलंही नव्हतं. थंडीच्या रात्री मी घामानं निथळून उठायची, अंगातून वाफा निघायच्या, उगाच रडू यायचं, त्याला सासूनं बाहेरचं ठरवून लिंबू उतरवलं होतं. ते बाहेरचं नव्हतं, आतलं काढून नेल्याचं होतं.

भोक शिवलं. तीन आठवडे नळी होती. त्या वॉर्डात नळी काढल्यावर पहिल्यांदा मला लघवीची भावना झाली आणि मी स्वतःच्या पायानं संडासात गेले, कोरडी गेले, कोरडी आले. त्या मेडिकल कॉलेजचे उपकार मी विसरणार नाही. तेही सरकारीच होतं. म्हणजे सरकारला जमत नाही असं नाही, हे मी माझ्या अंगावर बघितलं आहे, म्हणून तर राग जास्त येतो.

हाडांचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी भरलेला हंडा उचलताना उजवं मनगट मोडलं. पडले नाही, घसरले नाही, नुसता उचलला. डॉक्टर म्हणाले, हाडं साठीच्या बाईसारखी ठिसूळ झालीत. अंडाशयं लवकर गेली की असंच होतं, हृदयालाही धोका वाढतो, तेही त्यांनीच सांगितलं. कॅल्शियमच्या गोळ्या आमच्या केंद्रात दोन महिने मिळाल्या, मग 'साठा संपला.' तो अजून संपलेलाच आहे.

आता आकड्यांकडे येते, कारण तुमच्या खात्याला माणसापेक्षा आकडा लवकर कळतो. पत्र 'आपण'नं सुरू केलं होतं, मध्येच 'तुम्ही' आलं. राहू द्या, खोडत नाही.

जून २०१९ मध्ये विधान परिषदेत तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ पिशव्या काढल्या. त्या तीन वर्षांत माझं २०१७ येतं. म्हणजे सभागृहात मी होते, फक्त मला कुणी सांगितलं नाही. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायकांना विचारलं, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. भागाकार करा, शंभरात जवळजवळ सतरा. सरकारच्याच २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा आकडा शंभरात तीनच्या आसपास आहे. साहेबलोक म्हणतील, वयोगट वेगळा, पद्धत वेगळी, अशी तुलना करता येत नाही. बरं, नका करू. निम्म्यानं कमी करा, आणखी निम्म्यानं करा, तरी देशापेक्षा जास्तच उरतात की.

माझ्या घरीही ताई आल्या होत्या फॉर्म घेऊन. चांगल्या होत्या बिचाऱ्या, उन्हातून आल्या होत्या. पिशवी काढली का? हो. कोणत्या साली? कुठं? किती खर्च? मी म्हटलं, ताई, त्यानंतर काय झालं ते पण लिहा ना. ताई म्हणाल्या, "जागा नाही हो फॉर्मवर." मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य हे आहे. पिशव्या मोजल्या. त्या काढल्यानंतर किती जणी गळत होत्या, किती जणींची लघवीची नळी बांधली गेली आणि किडनी सुजली, किती जणींचं टाक्याच्या जागी आतडं चिकटलं, किती जणींचा नवरा दुसरी घेऊन आला, किती जणींची हाडं मोडली, ते कुणी मोजलं? जी बाई ऑपरेशननंतर टेबलावर मेली नाही तिचं ऑपरेशन यशस्वी, असा तुमच्या खात्याचा हिशोब दिसतो. माझंही तसं यशस्वीच आहे. टाके छान भरलेत.

गवगवा झाल्यावर बीडमध्ये नियम आला, खासगीत पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी हवी. नियम चांगलाच होता. माझ्या ओळखीतल्या दोघींनी मग काय केलं? दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन काढून आल्या. तिकडं परवानगी नको होती. कुंपण घातलं ते एकाच बांधाला, बाकी तीन बाजू मोकळ्या.

मग सुप्रीम कोर्ट. ५ एप्रिल २०२३ चा निकाल आहे. मूळ याचिका २०१३ ची, राजस्थान, बिहार, छत्तीसगड इथल्या बायकांच्या विनाकारण काढलेल्या पिशव्यांची. दहा वर्षं लागली. म्हणजे हा काही फक्त बीडच्या मागासलेपणाचा प्रकार नाही, जिथं बाई गरीब आणि दवाखाना रिकामा तिथं हेच होतं. कोर्टानं सांगितलं, केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करा. जिल्ह्याजिल्ह्यांत देखरेख समिती त्यातच आहे. मी आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात विचारलं, ही समिती कुठं बसते? क्लार्कनं मला वर-खाली बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही पत्रकार का?" म्हटलं, नाही, पेशंट. "मग माहिती अधिकारात टाका." टाकलाय. उत्तर आलं की हे पत्र पुन्हा लिहीन.

तुम्ही म्हणाल, कायदे आहेत, समित्या आहेत, बायकाच खासगीत का जातात? त्याचं उत्तर त्या कुलपात आहे, साहेब. आमच्या पोरीच्या पांढऱ्या जाण्याला कदाचित आठ दिवसांच्या गोळ्या पुरतील, नवरा-बायको दोघांनी घ्यायच्या. पिशवीच्या तोंडाचा नमुना घेऊन तपासला तर कॅन्सरची भीती खरी का खोटी ते कळेल. रक्तस्राव असेल तर त्यालाही गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे. हे सगळं मला मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात कळलं, माझं सगळं कापून झाल्यावर. हे सांगायला एक डॉक्टर, एक चालू मशीन आणि एक उघडं दार लागतं. दार बंद असलं की समोरचा खासगीवाला दलाल ठेवायचे पैसेसुद्धा वाचवतो. तुमचं कुलूपच त्याचा दलाल.

आणि हंगाम कुणासाठी थांबत नाही. दसरा झाला की गाड्या लागणार. कारखान्याला ऊस वेळेवर लागतो, गाळप एक दिवस मागं सरकलं तर सहकारमंत्री, साखर आयुक्त, खासदार, आमदार सगळे जागे होतात. गाळपाची तारीख ठरवायला मुंबईत बैठक होते. आमच्या मंगळवारांसाठी कधी बैठक झाली का? ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ काढलं. कारखान्यांनी टनामागं दहा रुपये द्यायचे, तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरल्याचं आम्ही वाचलं. राज्यात वर्षाला दहा कोटी टन ऊस गाळला धरला तर नुसते कारखान्यांचेच शंभर कोटी होतात. माझं गणित कच्चं असेल, पन्नास धरा. पन्नास कोटींत सोनोग्राफीच्या किती खोल्यांची कुलपं उघडतात? २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, त्याचे फटाके वाजले. पण दर टनाचा वाढला. टन उचलणाऱ्या बाईच्या मणक्याचा दर कुठं लिहिलाय?

कारखान्याचा चेअरमन आमदार, आमदाराचा भाऊ मेडिकलवाला, मुकादम त्यांचाच कार्यकर्ता, आणि निवडणुकीला गाडी पाठवून आम्हाला फडातून मतदानाला आणायला हेच. तेव्हा रात्रीची ट्रॅव्हल्स मिळते, पाण्याची बाटली मिळते, वडापाव मिळतो. मतदानाची वेळ चुकत नाही कधी. बायकांसाठी महिन्याला पंधराशे रुपयेही सुरू झाले, ते मी घेते, नाकारायला मी कोण. पण चाळीस हजारांची पिशवी काढायची तर त्या पैशांनी सव्वादोन वर्षांत फिटेल, एवढा उपयोग आमच्या गल्लीत त्याचा मोजला जातो.

आमच्या लाईनीत आठ घरं आहेत. पाच घरांतल्या बायकांची पिशवी नाही. नागपंचमीला वारुळाला जाताना एकमेकींना विचारतात, "तुझी हाय का गं अजून?" हसतात. मी पण हसते.

मागण्या शेवटी लिहायच्या असतात म्हणून लिहिते. चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढायची तर दुसऱ्या सरकारी डॉक्टरचं मत लेखी असू द्या, आणि अंडाशयं काढायची असतील तर ते तिच्या भाषेत तिला वाचून दाखवा, आधी. ज्या १३,८६१ जणींची यादी तुमच्याकडे आहे त्यांना परत एकदा बोलवा, लघवी, हाडं, रक्तदाब तपासा. यादी आहे, पत्ते आहेत, शोधायला जायचं नाही. हंगामाला जाताना बाईच्या हातात तिचा केसपेपर मराठीतून द्या. बाकी बरंच आहे, पण एवढ्याला तरी जागा असू द्या फॉर्मवर.

पुतणीच्या सासूनं येत्या शुक्रवारची तारीख घेतली आहे, त्याच खासगी दवाखान्यात. म्हणते, आता काढली तर दसऱ्यापर्यंत टाके सुकतील. मी पाया पडून मंगळवारपर्यंतचे दिवस मागून घेतलेत. या मंगळवारी आम्ही चौथ्यांदा येतोय. पहिल्या एसटीनं निघू. साडेनऊ वाजता पोरगी दोन बाटल्या पाणी पिऊन खोली नंबर अकराच्या बाहेर बाकावर बसलेली असेल. त्या दिवशी तुमचा दौरा कुठं असेल तर कृपया दुसरीकडचा डॉक्टर न्या.

आपली नम्र,
४,६०५ मधली एक
बीड जिल्हा